पर्वरीचं घर विकायचंय: तळमजल्यातल्या पाण्याचा निचरा आधी करावा, की किंमत उतरवावी?

केवडा

नमस्कार मंडळी. गोव्यात पर्वरीला टेकडीच्या उतारावर माझ्या मामांचं घर आहे. रस्त्यावरून पाहिलं तर बैठं, मागच्या अंगणातून पाहिलं तर दुमजली. खालचा मजला टेकडी कापून आत बसवलाय, त्यामुळे त्याची एक लांब भिंत पूर्ण मातीआड आहे. मामा-मामी आता मुलीकडे बेंगळुरूला राहतात. घर विकायचं ठरलंय आणि इथली सगळी धावपळ माझ्याकडे आहे.

अडचण खालच्या मजल्याची. आर्द्रा लागल्या की मातीकडच्या भिंतीला तळापासून हातभर ओल चढते. जुलैतल्या तरण्या-म्हाताऱ्या पावसात भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाणी येतं. नितळ असतं, वास नसतो. पाऊस उघडला तरी चार-पाच दिवस झिरपतच राहतं. चवथीनंतर कमी होतं, दिवाळीपर्यंत भिंत सुकते आणि मग तिच्यावर लोणा (क्षाराची पांढरी पूड) फुटतो.

एजंट म्हणतात, रंग काढा आणि डिसेंबरात दाखवा. एक कंत्राटदार म्हणतो, आतून वॉटरप्रूफिंगचा कोट मारू, आठवड्याचं काम. दुसरा म्हणतो, टेकडीच्या बाजूने खणून निचरा काढल्याशिवाय काही व्हायचं नाही. त्याचा आकडा ऐकून मामा गप्पच झाले. त्यांचं म्हणणं, आहे तसं सांगावं आणि किंमत उतरवावी.

निचऱ्यावर घातलेला पैसा विक्रीत परत येतो का? तुमच्यापैकी कोणी असं घर घेतलं-विकलं असेल तर कृपया लिहा.

शुक्रवारचा_बाजार

ताई, माझं बार्देश तालुक्यात घरांच्या खरेदी-विक्रीचंच काम आहे, म्हणून आधी त्या बाजूने लिहितो.

निचरा केला म्हणून घराला जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. शेतांचं किंवा नदीचं दृश्य असलं तर लोक वर पैसे देतात. कोरड्या भिंतीला देत नाहीत, कारण घर कोरडं असणारच हे ते धरूनच येतात. पण ओल दिसली की वजावट सुरू होते, आणि ती दुरुस्तीच्या खर्चाएवढी नसते. समोरच्याला खर्च किती येईल ते माहीत नसतं, पाणी घराच्या पायात गेलंय का ते माहीत नसतं, पुढच्या वर्षी अजून काय निघेल ते माहीत नसतं. या सगळ्या भीतीची किंमत तो तुमच्या आकड्यातून कापतो. मामा जी किंमत उतरवतील तिथून त्याची घासाघीस सुरू होईल.

रंगाबद्दल एक प्रसंग सांगतो. म्हापशाजवळचं एक घर मी दाखवत होतो. खालची खोली नुकती रंगवलेली, भिंतीला लाकडी कपाट टेकवलेलं. गिऱ्हाईक मूळचे डिचोलीचे, वयस्क गृहस्थ. त्यांनी कपाट वीतभर पुढे ओढलं, मागच्या भिंतीवरून तळवा फिरवला आणि मला दाखवला. तळव्यावर मिठासारखी पांढरी पूड. एक शब्द न बोलता वर गेले. वरच्या मजल्यावर काही दोष नव्हता, पण त्यानंतर त्यांनी छपराची कौलं मोजली, वायरिंग तपासलं, विहिरीत वाकून पाहिलं. एका भिंतीने मालकाचा शब्दच पडला. व्यवहार झाला नाही.

तेव्हा रंगाचा विचार सोडा, ही कळकळीची विनंती. मुंबई-दिल्लीचं गिऱ्हाईक डिसेंबरात येतं हे खरं, पण हल्ली तेही बयाणा देण्याआधी इंजिनिअर पाठवतात. कर्ज काढणारा असेल तर बँकेचा व्हॅल्युअर येतो, फोटो काढतो. आणि इथला माणूस मुद्दाम पावसात घर बघायला येतो.

अजून एक. मंजूर नकाशात खालचा मजला काय दाखवलाय? गाडी आणि कोठार असं असेल तर जाहिरातीत "दोन बेडरूम" लिहू नका.

चिरेबंदी

केवडाताई, तुम्ही पाण्याचं जे वर्णन केलंय त्यात अर्धं निदान आलंय. साइटवर आयुष्य गेलं, त्यावरून सांगतो. पाणी कधी येतं आणि कधी थांबतं हे आधी बघावं.

पाऊस पडल्यावर तासाभरात आलं आणि पाऊस थांबताच थांबलं, तर ते वरचं पाणी: पागोळ्या, फुटलेली पन्हळ, घराकडे उताराचं अंगण. बारा महिने येत असेल तर नळाची पाइप किंवा टाकी. वास येत असेल तर वरच्या अंगाच्या घराचा सोक पिट, म्हणजे सांडपाणी मुरवायचा खड्डा. आपल्याकडे बहुतेक घरं सेप्टिक टँकवर, आणि पावसाळ्यात सोक पिट तुडुंब होतात. तुमचं पाणी नितळ आहे, जोराच्या पावसानंतर सुरू होतं आणि उघडीप मिळाली तरी दिवसच्या दिवस येतं. हे टेकडीच्या पोटातलं पाणी.

आपल्या टेकड्या वरून चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा सच्छिद्र, पाणी पटकन खाली सोडतो. त्याखाली शेडी माती लागते, ती पाणी सोडत नाही. मग पाणी त्या थरावरून आडवं वाहत उताराला बाहेर पडतं. टेकड्यांच्या पायथ्याला झरी असतात त्या यामुळेच. पणजीत आल्तिनोखालची बोक द व्हाकची झर हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. तुमच्या मामांनी टेकडी कापली तेव्हा त्या आडव्या वाटेवर भिंत उभी राहिली. पाणी आपल्या जुन्या वाटेने चाललंय.

म्हणून आतल्या कोटाला माझा विरोध आहे. हिशोब बघा. भिंतीमागे १ मीटर पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १ टन दाब येतो. सहा इंची काँक्रीटच्या फरशीचं वजन दर चौरस मीटरला साधारण ३७५ किलो. म्हणजे आतून सगळं घट्ट बंद केलं आणि भिंतीमागचं पाणी फरशीपेक्षा मीटरभर वर चढलं, तर फरशीखालचं पाणी त्या दाबाने फरशीच उचलू पाहील. उचलता नाही आली तर तडा शोधेल. एका ठिकाणी बंद केलेलं पाणी दोन पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून आलेलं मी पाहिलंय. शिवाय हे कोट आरसीसीच्या भिंतीवर धरतात. तुमची भिंत चिऱ्याची असेल, आणि आपल्याकडच्या घरात ती बहुधा असतेच, तर कोट चिऱ्याला धरून राहत नाही. मागून लोणा येतो आणि पापुद्र्यासकट गळून पडतो.

करायचं काय, ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की पैसे जातात.

आधी छप्पर. १५० चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत तो पडतो, तर १५,००० लिटर पाणी होतं. वर्षाचा पाऊस आपल्याकडे ३,००० मिलिमीटरच्या आसपास. टेकडीकडच्या अंगाच्या पागोळ्या थेट त्या भिंतीमागच्या मातीत पडत असतील तर आधी पन्हळी बसवा आणि ते पाणी पाइपने खालच्या बाजूला न्या. सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि नेमकं हेच राहून जातं.

मग टेकडीकडचा चर. भिंतीपासून अंतर ठेवून, तळमजल्याच्या फरशीच्या पातळीखाली जाईल इतका खोल. त्यात भोकांची पाइप, भोवती स्वच्छ धुतलेली खडी, आणि खडीभोवती जिओटेक्सटाइलचं कापड, म्हणजे शेडी आत शिरून पाइप बुजणार नाही. पाइपला शंभराला एक असा उतार. वळणावर चेंबर, सफाईसाठी. चराचं तोंड वरून मातीने आणि फरशीने बंद, नाहीतर पावसाचं पाणी आपणच आत घेऊ.

आणि तुमचं भाग्य मोठं: घर उतारावर आहे. पाइपचं तोंड खालच्या अंगणात उघडता येतं. पंप लागत नाही. आपल्याकडे ज्या रात्री पाऊस कोसळतो त्याच रात्री वीज जाते, आणि विजेवर चालणारा निचरा तेव्हाच बंद पडतो. विजेशिवाय वाहणारा निचरा विकताना छातीठोकपणे दाखवता येतो.

सावधगिरी: चिऱ्याच्या भिंतीमागे पावसाळ्यात खणायचं नाही. दिवाळीनंतर, आणि तेही एकदम सगळा चर न उघडता तुकड्या-तुकड्याने. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंत आणि पाया दाखवा. हे न करणाऱ्याला काम देऊ नका, तो कितीही स्वस्त असो.

वाळवंटी

चिरेबंदीकाकांना +१. आमचं साखळीचं जुनं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर, पण जोतं पुरुषभर उंच. राजांगणातलं पाणी जमिनीखालच्या मोरीने मागच्या व्हाळात (ओढ्यात) जातं, आणि ती मोरी दर वर्षी मृगाआधी साफ करायची हा घरचा नेम. जुन्या लोकांनी खाली खणलंच नाही, वर बांधलं. आता जमिनीचे भाव असे झालेत की उतारावर आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) कडेला खणून मजला काढतात, पण पाणी कुठे जाणार हे नकाशावर कोणी दाखवत नाही. याचा मला मनापासून त्रास होतो.

मांडवीकाठ

बंगल्याचं चिरेबंदींनी सांगितलं. फ्लॅटवाल्यांसाठी लिहितो, कारण धागा वाचणाऱ्यांत ते जास्त असतील. पणजीतल्या एका सोसायटीचं काम बघतो, खाली बेसमेंट पार्किंग आहे.

सपाटीवरच्या बेसमेंटला पंपाशिवाय गत्यंतर नाही, आणि पंप किती हॉर्सपॉवरचा यापेक्षा पंपाचं पाणी कुठे पडतं हे मोठं. शहराचं गटार शेवटी मांडवीला किंवा सांतिनेजच्या खाडीला मिळतं. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की गटारच वर येतं. पणजीतल्या '१८ जून' नावाच्या रस्त्यावर पाणी साचतं ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी पंप पाणी गटारात टाकतो आणि गटार ते रॅम्पवरून परत आत देतं. पंप रात्रभर चालतो, पाणी तेवढंच.

आम्ही केलेल्या गोष्टी: रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंबरा आणि आडवी जाळी, डिलिव्हरी पाइपला पाणी उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एकाऐवजी दोन पंप वेगळ्या फ्लोट स्विचवर (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा स्विच), आणि दोन्ही जनरेटरच्या लाइनवर. विजेचं पॅनेल खालून उचलून वरच्या मजल्यावर नेलं. यावर सभेत बराच वाद झाला, पण माझ्या मते सगळ्यात गरजेचं काम ते होतं. पाण्यात उभं राहून मेन स्विच बंद करायची वेळ कोणावर येऊ नये.

आता किमतीचं. आम्ही एक वही ठेवतो. पंप कधी तपासला, फ्लोट हाताने उचलून पाहिला का, व्हॉल्व्ह कधी उघडून साफ केला, कुठल्या तारखेला पाणी किती चढलं. मागे एका सभासदाने फ्लॅट विकायला काढला तेव्हा घेणाऱ्यांनी पहिला प्रश्न पावसाळ्यात गाडी कुठे ठेवता हाच विचारला. वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोन पावसाळ्यांची पानं नीट वाचली आणि मग मजल्याचा, वाऱ्याचा विषय काढला. आमच्या गल्लीत दुसऱ्या एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात पाणी उभं असतं आणि तिथले फ्लॅट बराच काळ पडून आहेत. फ्लॅट आतून कितीही सजवला तरी बेसमेंट सगळ्यांचं, त्याचा भाव सगळ्यांनाच लागतो.

फ्लॅट घेणाऱ्यांनी सोसायटीच्या मागच्या सभांची इतिवृत्तं मागून वाचावीत. पाण्याचा विषय असेल तर त्यात सापडतोच.

पायरी

मी वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साध्या काळजीने बघून न कळणारा असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. दर पावसाळ्यात पाणी येणारी भिंत डिसेंबरात रंगवून दाखवणं म्हणजे हेच कलम अंगावर ओढून घेणं. सांगितलं, आणि करारात लिहिलं, की मामा मोकळे. कधीपासून पाणी येत होतं, काय काम केलं, कोणत्या महिन्यात केलं, घेणाऱ्याने ते पाहिलं, अशी चार वाक्यं पुरतात.

नव्या इमारतीत घेणाऱ्यांसाठी: रेरा कायदा २०१६ (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा), कलम १४. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला आणि कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. बेसमेंटमधली गळती लेखी कळवा, फोटोंसह. तोंडी तक्रारीला नंतर काही आधार राहत नाही.

केवडा, दोन गोष्टी खास तुझ्यासाठी. पाइपचं तोंड खालच्या शेजाऱ्याच्या कुंपणावर उघडू नकोस, पाण्याची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालतात. पंचायतीच्या गटारात किंवा व्हाळात सोडायचं तर आधी पंचायतीत विचार. आणि मामांबरोबर मामींची सही लागेल. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात जोडीदाराच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. त्या बेंगळुरूला आहेत तर मुखत्यारपत्राचं आत्ताच बघ.

दूरदेशी

मूळचा फोंड्याचा, सध्या न्यू जर्सीत. इकडे थंडीत जमीन गोठते म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, आणि तेवढं खणलंच आहे तर बेसमेंट काढतात. त्यामुळे हा विषय इथे घरोघरी आहे. विकताना मालक एक छापील फॉर्म भरतो, त्यात बेसमेंटमध्ये पाणी आलंय का, पंप आहे का, असे थेट प्रश्न असतात. घेणारा आपला इन्स्पेक्टर आणतो. काम करणाऱ्या कंपनीची हमी नव्या मालकाच्या नावावर करता येत असेल तर विकणारा ती आवर्जून सांगतो.

तिकडेही कंत्राटदाराकडून लेखी हमी मागायला हरकत नाही. नव्या मालकाला लागू राहील असं एक वाक्य त्यात घालून घ्या.

केवडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी पावसात जाऊन घराभोवती फिरले. चिरेबंदीकाका, तुम्ही म्हणालात तसंच आहे. टेकडीकडच्या छपराला पन्हळच नाही. पागोळ्यांनी भिंतीलगत सरळ रेषेत खळगे पडलेत आणि त्यात पाणी उभं आहे. खालची भिंत चिऱ्याची आहे, प्लास्टरचा पोपडा निघालेल्या जागी चिरा दिसतो. मंजूर नकाशात खालचा मजला "गाडी व कोठार" असाच आहे.

मामांशी बोलले. पन्हळी याच महिन्यात. इंजिनिअरला दाखवून चर दिवाळीनंतर. आता प्रश्न एवढाच, की चर झाल्या-झाल्या विकायचं की एक पावसाळा जाऊ द्यायचा? मामांना फार थांबायचं नाही.

शुक्रवारचा_बाजार

पैशांची निकड नसेल तर एक पावसाळा थांबा. "काम केलंय" असं सांगणं आणि जुलैत घेऊन जाऊन कोरडी भिंत दाखवणं यात व्यवहाराच्या दृष्टीने फार फरक पडतो. गिऱ्हाईकच जुलैत बोलवा. मी तर म्हणेन, भर पावसात बोलवा आणि खालच्या अंगणात पाइपच्या तोंडातून वाहणारं पाणी दाखवा. ते पाणी आधी कुठे येत होतं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

निकड असेल तर जानेवारीत विका, पण मग या पावसाळ्याचे ओल्या भिंतीचे फोटो, कामाचे फोटो आणि बिलं, सगळं एका फाइलीत समोर ठेवा. आधीचे ओले फोटो लपवू नका, काम काय झालंय ते त्यांच्यामुळेच कळतं. थोडी रक्कम पुढच्या पावसाळ्यापर्यंत वकिलांकडे राखून ठेवायची अट घालता येते. घेणारा तेवढ्याने बराच निर्धास्त होतो आणि भाव पाडत नाही. अटीची भाषा पायरीताईंना विचारा.

पायरी

घालता येते. रक्कम, तारीख आणि "पाणी आलं" म्हणजे नेमकं काय, हे तिन्ही लिहायचं. नुसती ओल की वाहतं पाणी, ते स्पष्ट नसेल तर अट न घातलेलीच बरी.

चिरेबंदी

आणि ते स्पष्ट करताना एक लक्षात घ्या. चर झाला तरी पहिल्या पावसाळ्यात भिंत थोडी दमट राहील. चिऱ्यात वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी आणि क्षार लगेच जात नाहीत. वाहतं पाणी मात्र थांबायला हवं. आतलं जुनं प्लास्टर लोणा फुटलेल्या जागेच्या वर हातभर उंचीपर्यंत खरवडून काढा आणि एक उन्हाळा भिंत उघडी ठेवा. नवीन प्लास्टर चुन्याचं करा, सिमेंटचं नको, आणि त्यावर चुन्याचाच हात. प्लास्टिक पेंट नको.

चर बुजवण्याआधी तुम्ही स्वतः साइटवर असा. पाइपच्या वरच्या टोकाला चार बादल्या पाणी ओतायला लावा आणि खालच्या तोंडाशी उभं राहून ते येताना बघा. टेप लावून खोलीचा फोटो घ्या, खडी घातल्यावर एक, कापड गुंडाळल्यावर एक. चेंबरची झाकणं फरशीखाली गाडू देऊ नका, गवंडी दिसायला चांगलं म्हणून हमखास गाडतात. दर वर्षी मृगाआधी ती उघडायची आहेत, आणि ते नव्या मालकाला माहीत हवं. नकाशाच्या प्रतीवर पाइपची वाट आणि चेंबरच्या जागा लाल पेनाने काढून ठेवा, फाइलीत पहिलं पान तेच लावा.

इंजिनिअर भिंत बघून गेले की त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहा. चराचं भिंतीपासून अंतर किती ठेवायचं ते त्यावर ठरेल.